रोहन नावाचा देश

आमच्या टीममध्ये तीन रोहन आहेत. एक टेस्टिंगमध्ये, एक डेटाबेसवाला आणि एक असाच. (हे त्याने वाचलं तर सोमवारी माझं काही खरं नाही.) पण आज लिहायचंय ते चौथ्या रोहनबद्दल. हा माणूस नाही, देश आहे. टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला घोडेस्वारांचा देश.

नावाचा आपल्या रोहनशी काही संबंध नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच. टोल्किनच्या एल्फ लोकांच्या भाषेत रोहन म्हणजे घोड्यांचा मुलुख. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात रोहन नावाचं एक जुनं सरदार घराणं आहे, ते नाव त्याला ठाऊक होतं आणि त्याचा आकार आवडला होता, असं त्याने एका पत्रात लिहिलंय. संस्कृतातलं आरोहण आणि हे घोडेस्वार यांचं जमतंय खरं, पण तो योगायोग. गंमत म्हणजे तिथले लोक स्वतः आपल्या देशाला रोहन म्हणतच नाहीत. ते म्हणतात 'मार्क'. रोहन हे शेजारच्या गॉन्डोरवाल्यांनी ठेवलेलं नाव.

बहुतेकांना रोहन माहीत आहे ते सिनेमामुळे. २००२ चा 'टू टॉवर्स' आणि २००३ चा 'रिटर्न ऑफ द किंग'. न्यूझीलंडमधली ती टेकडी, तिच्यावरचा सोनेरी छपराचा वाडा, मागे बर्फाचे डोंगर आणि ते व्हायोलिन! मीही तिथूनच पुस्तकाकडे गेलो. पण मला खरं धरून ठेवलं ते शेवटच्या खंडाच्या मागे जोडलेल्या परिशिष्टांनी. १९५५ साली छापलेली ती पानं लोक सहसा उघडत नाहीत. वंशावळी, सनावळ्या, राजांच्या याद्या... थोडक्यात, शाळेत असताना इतिहासाच्या पुस्तकात ज्याचा कंटाळा यायचा तेच सगळं. आणि हे तर घडलेलंही नाही. तरी मी शनिवारी सकाळी चहा गार होईपर्यंत ते वाचत बसतो. बायको म्हणते, "अरे, खऱ्या इतिहासाचं काहीतरी वाच की." तिचं म्हणणं रास्त आहे. पण ऐका तर.

हा मुलुख आधी गॉन्डोरचा एक प्रांत होता, नाव कालेनार्धोन. तिसऱ्या युगाच्या १६३६ साली मोठी साथ आली आणि आधीच विरळ असलेला तो प्रांत जवळजवळ ओस पडला. मग २५१० साली पूर्वेकडून बालखॉथ नावाच्या टोळ्या चालून आल्या. गॉन्डोरचा कारभारी किरिऑन याने उत्तरेतल्या घोडेस्वार लोकांकडे मदत मागायला सहा जासूद धाडले, त्यातला एकच पोचला. तिथला तरुण सरदार एओर्ल सुमारे ७,००० स्वार आणि काही शे घोडेस्वार तिरंदाज घेऊन शेकडो मैल दौडत आला आणि हरत आलेली लढाई त्याने फिरवली. बक्षीस म्हणून किरिऑनने त्याला तो सगळा ओस प्रांत देऊन टाकला. बदल्यात एओर्लने शपथ घेतली : गॉन्डोरवर संकट आलं तर आम्ही येऊ.

बस. या एका देवाणघेवाणीवर पुढची पाचशे वर्षं उभी आहेत.

आता सैन्य. इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. रोहनकडे कायमची खडी फौज जवळजवळ नाहीच. राजाची घरची पथकं सोडली तर बाकी सगळे आपापल्या गावी शेती, गुरं आणि घोडे सांभाळणारे लोक. हाक आली की भाला उचलायचा, घोड्यावर बसायचं. आपल्याकडे बारगीर आणि शिलेदार असा फरक होता ना, बारगिराला घोडा सरकारचा आणि शिलेदाराचा स्वतःचा? तर रोहनचा स्वार हा शिलेदार. त्यांच्या पथकाला म्हणतात एओरेड. टोल्किनच्या मृत्यूनंतर मुलाने १९८० मध्ये छापलेल्या 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये त्याची व्याख्या आहे. पूर्ण एओरेड म्हणजे नायकासकट किमान १२० स्वार, आणि तो सगळ्या फौजेचा शंभरावा हिस्सा धरायचा. म्हणजे एकूण १२,०००, राजाची पथकं वेगळी.

आता मूळ पुस्तकात जा. एओमर ऑर्क टोळीचा पाठलाग करून, तिचा फडशा पाडून परत येतोय. लेगोलास लांबूनच स्वार मोजतो : १०५. नंतर बोलता बोलता एओमर सांगतो, माझे १५ गेले. १०५ अधिक १५, १२०. एओरेड पुरा! व्याख्या नंतरच्या टिपणांतली आहे, पण जुना आकडा मोडलेला नाही. याला म्हणतात बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी. आणि थांबा, अजून आहे. माणसं गेली १५, पण घोडे मेले १२. म्हणजे बिनस्वाराचे उरले तीन. त्यातलेच दोन तो अॅरागॉर्न आणि लेगोलासला उसने देतो. गिमली बिचारा लेगोलासच्या मागे बसतो. हा हिशेब पहिल्यांदा जुळला तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारली होती.

अर्थात सगळंच जुळतं असं नाही. एडोरास ते मिनास तिरिथ पुस्तकात सरळ रेषेत १०२ लीग, म्हणजे साधारण ४९० किलोमीटर. ६,००० स्वार हे अंतर पाचेक दिवसांत कापतात. रोज जवळजवळ शंभर! घोडदळाने दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर गाठले तरी ती बरी मजल म्हणायची. बरं, घोडा खातो काय? मध्यम घोड्याला दिवसाला दहाएक किलो चारा धरा, म्हणजे ६,००० घोड्यांना रोज ६० टन. तेही मार्चच्या सुरुवातीला, गवत नीट यायच्या आधी. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन का आणि पावसाळ्यात छावणी का, हे ज्याला माहीत आहे त्याला हा प्रश्न पडणारच. यावर पुस्तकात फारसं काही सापडत नाही. असो. ती दौड वाचताना चाऱ्याचा हिशेब मांडणारा माझ्यासारखा एखादाच.

हे लोक आले कुठून? टोल्किन ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक. रोहनच्या लोकांच्या तोंडी त्याने तीच भाषा दिली. थेओडेन म्हणजे राजा, एओमरमधला 'एओ' म्हणजे घोडा, मेडुसेल्ड म्हणजे मद्यशाला. त्यामुळे बरेच अभ्यासक म्हणतात की हे घोड्यावर बसवलेले अँग्लो-सॅक्सन आहेत. खरे अँग्लो-सॅक्सन मुख्यतः पायी लढायचे आणि १०६६ साली हेस्टिंग्जला नॉर्मन घोडदळापुढे हरले. टोल्किनने स्वतः मात्र परिशिष्टात बजावलंय की भाषा दिली म्हणून बाकीचं साम्य धरू नका. विद्यार्थी असताना तो काही काळ 'किंग एडवर्ड्स हॉर्स' या राखीव घोडदळात होता. पुढे १९१६ मध्ये सोमच्या खंदकांत सिग्नल अधिकारी. त्या वर्षात त्याचे शाळेपासूनचे दोन जिवलग मित्र गेले. खंदकाच्या चिखलात घोडदळाचं काय होतं हे ज्याने पाहिलं, त्याने चाळीस वर्षांनी पहाटेच्या उजेडात सहा हजार घोडे मोकळ्या मैदानावर सोडले. यावर मी जास्त बोलत नाही, ते प्रकरण ज्याने-त्याने वाचावं.

आता खरा मुद्दा. 'ओस प्रांत देऊन टाकला' असं मी वर लिहिलं ना? तो पुरता ओस नव्हता.

पश्चिमेला आयझेन नदीपलीकडे डनलेंड आहे. तिथले लोक गॉन्डोरच्याही आधीपासूनचे, हळूहळू मागे रेटले गेलेले. त्यातले काही नदीच्या अलीकडे, म्हणजे एओर्लला मिळालेल्या मुलखात राहत होते. रोहनचा तिसरा राजा आल्डोर, त्याने ७५ वर्षं राज्य केलं. परिशिष्टात त्याच्याबद्दल मोजकी वाक्यं आहेत. त्यातलं एक असं की त्याच्या काळात रोहनची प्रजा वाढली आणि नदीअलीकडे उरलेल्या डनलेंडिंग लोकांना हाकलून दिलं किंवा नमवलं गेलं. एवढंच. पुढे दुसरा विषय.

त्या एका वाक्याची वसुली पुढे सतत होत राहते. २७५४ साली फ्रेका नावाचा सरदार, डनलेंडी रक्ताचा म्हणून ज्याला हिणवलं जायचं, हेल्म राजाकडे आपल्या मुलासाठी मुलगी मागायला येतो. बोलाचाली होते, हेल्म त्याला एक ठोसा मारतो आणि तो मरतो. चार वर्षांनी मुलगा वुल्फ फौज घेऊन येतो, एडोरास घेतो, गादीवर बसतो. मग तो लांबलेला भयानक हिवाळा, हेल्मचे दोन्ही मुलगे जातात आणि हेल्म स्वतः बर्फात उभ्या उभ्या गोठून मरतो. (२०२४ चा 'वॉर ऑफ द रोहिरिम' हा अॅनिमेशनपट याच गोष्टीवर आहे. हेल्मच्या मुलीला पुस्तकात नावसुद्धा नाही, सिनेमात ती नायिका आहे.) आणि मग ३०१९, हेल्म्स डीपची रात्र. तटाखालून आरोळ्या येतायत. गॅमलिंग नावाच्या म्हाताऱ्या शिपायाला ती भाषा कळते. तो सांगतो की गॉन्डोरवाल्यांनी ही जमीन एओर्लला दिली, हे दुखणं ते पाचशे वर्षांत विसरलेले नाहीत. सारुमानने फक्त त्यावर फुंकर घातली.

पहिल्या वाचनात हे वाक्य मी पुढे सरकवलं होतं. तट पडणार होता, कोणाला वेळ होता! दुसऱ्या वाचनात मात्र तिथेच थांबलो, आणि त्याचं कारण आबा.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, धरणग्रस्त. सातारा जिल्ह्यातल्या डोंगरातलं आमचं गाव पाण्याखाली गेलं आणि चार दिवसांच्या वाटेवर म्हणावं अशा सपाट मुलखात जमीन मिळाली. मिळाली म्हणजे काय, तर लाभक्षेत्रातल्या एका शेतकऱ्याची काढून घेतली आणि आबांच्या नावावर सातबारा झाला. आबांचं काही चुकलं नव्हतं. त्या शेतकऱ्याचंही नव्हतं. देणारा तिसराच होता, आणि तो कागद करून निघून गेला. त्या गावात आमच्या वस्तीला अजूनही नुसतं 'पुनर्वसन' म्हणतात. "कुठं चाललाय?" "पुनर्वसनात."

शेताच्या बांधावर एक आंब्याचं झाड होतं, मूळ मालकाच्या वडिलांनी लावलेलं. मी लहान असताना तो म्हातारा उन्हाळ्यात कधीतरी यायचा, बांधाच्या पलीकडे उभा राहायचा, झाडाकडे बघायचा आणि जायचा. आबांशी बोलायचा नाही. आंबे उतरवले की आबा त्याच्या घरी एक पाटी पाठवायचे. कधी ती रिकामी परत यायची, कधी भरलेली. एकदा मी आबांना विचारलं, आपण त्याला सांगत का नाही की आपलंही गाव बुडालंय? आबा म्हणाले, "त्याला म्हाईत हाय की. पर त्यानं त्याचा आंबा परत मिळतोय व्हय?"

तर रोहन वाचताना मी कोणाच्या बाजूने, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. एओर्लची दौड वाचताना अंगावर काटा येतो तो येतोच. आणि बांधावरचा म्हाताराही दिसतो.

टोल्किनला हे दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. लढाईनंतर शरण आलेल्या डनलेंडिंग लोकांना रोहनवाले मारत नाहीत. तटाची डागडुजी करा, पुन्हा हत्यार घेऊन नदी ओलांडणार नाही अशी शपथ घ्या आणि घरी जा. ते चकित होतात, कारण रोहनवाले कैद्यांना जिवंत जाळतात असं सारुमानने त्यांना सांगितलेलं असतं. आणि तो जंगलातला घान-बुरी-घान! रोहनच्या फौजेला तो गुप्त वाट दाखवतो आणि बदल्यात एवढंच मागतो, की आमच्या लोकांची जनावरांसारखी शिकार करणं थांबवा. म्हणजे तोपर्यंत होत होती. आपले लाडके सोनेरी केसांचे घोडेस्वार ती करत होते. नंतर नवा राजा ते जंगल घानच्या लोकांना कायमचं देऊन टाकतो, त्यांच्या परवानगीशिवाय कोणी आत जायचं नाही. डनलेंडला मात्र शपथ मिळते, सुटका मिळते, जमीन नाही. जंगल कोणाला नकोच होतं, ते देता आलं. नदीअलीकडच्या कुरणांवर तोवर पाचशे वर्षांची घरं, तबेले आणि राजांच्या समाध्या उभ्या होत्या.

दर दोन-तीन वर्षांनी मी परिशिष्टं पुन्हा काढतो आणि डनलेंडबद्दल अजून काही मिळतंय का ते शोधतो. त्यांच्या राजांची यादी नाही, गाणी नाहीत, त्यांच्या बाजूने सांगितलेली एकही लढाई नाही. भाषा घडवणं हाच ज्याचा मूळ छंद, त्या माणसाने त्यांच्या भाषेतला अख्ख्या कादंबरीत एकच शब्द दिलाय. 'फॉरगॉइल'. रोहनच्या लोकांना ते असं म्हणायचे. अर्थ, पेंढ्याच्या डोक्याचे.