नावापुरते बोलोन्या

वाईट जेवणाविषयी लिहिणे आपल्याकडे फारसे शिष्टसंमत नाही. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या संस्कृतीत ताटाला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा ठरतो; आणि पैसे मोजून खाल्लेल्या अन्नाबद्दल कुरकुर करणे म्हणजे तर सुखवस्तूंचा चाळाच. तरीही गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका इटालियन उपाहारगृहातून आम्ही दोघे जी निराशा घेऊन परतलो, ती केवळ जिभेची नव्हती.

निमित्त आईचे होते. आमची मुलगी गेल्या वर्षापासून बोलोन्याला शिकते. ज्याच्या स्थापनेचे वर्ष परंपरेने १०८८ मानले जाते असे ते विद्यापीठ. पण एक्क्याऐंशी वर्षांच्या आजीला त्या प्राचीनतेचे काय? नात तिथे रोज जेवते काय, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. इतका लांबचा प्रवास आता तिला झेपणार नाही. तेव्हा बोलोन्याच इथे, तिच्या पुढ्यात आणता आले तर पाहावे, असा आमचा साधा हिशेब होता.

आई शाकाहारी. मेन्यूकार्डावर 'व्हेज स्पॅगेटी बोलोनीज' दिसले आणि बोलोन्याचे नाव वाचून तिनेच ते मागवले. आले ते असे : शिजून लगदा झालेल्या शेवया, वर साखरेने गोड केलेला टोमॅटोचा रस, त्यात मक्याचे दाणे आणि ढोबळी मिरची, आणि या सर्वांवर चीजचे जाड पांघरूण. शेजारच्या टेबलावरही तेच होते. फक्त तिथे सॉस पांढरा होता आणि पलीकडे गुलाबी. चार घास खाऊन आईने काटा खाली ठेवला आणि सुनेला विचारले, "हेच खाते का गं ती? मग फोनवर एवढी खुशीत कशी असते?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर होते, पण ते ताटात नव्हते. बोलोन्यात हा पदार्थ परंपरेने मिळतच नाही. तिथला खिम्याचा रागू मंद आचेवर तासन् तास शिजतो आणि तो स्पॅगेटीवर नव्हे, तर तालियातेल्लेवर वाढतात. अंडे घालून मळलेली कणीक लांब लाटण्याने पातळ लाटायची आणि तिच्या पट्ट्या कापायच्या, ही ती तालियातेल्ले. त्या शहराला तिचा इतका अभिमान, की शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर असावी, अशी नोंद १९७२ साली तिथल्या व्यापार मंडळाकडे रीतसर करण्यात आली.

आता कोणी म्हणेल, ही शुद्धतेची आवड म्हणजे नवे सोवळेच. तसे मात्र नाही. टोमॅटो इटलीत आला तो अमेरिका खंडातून. आपली मिरची, बटाटा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंदही तिकडचाच. तरीही आपण त्यांना थेट उपवासाच्या ताटात बसवले. मुंबईच्या चायनीज भेळेचा चीनशी संबंध नसेल, पण तिला स्वतःची चव आहे, स्वतःचे गिऱ्हाईक आहे, कोणाच्या तरी हाताचा चटका आहे. भेसळ हा आमच्या तक्रारीचा विषय नाही. तो पदार्थ बोलोन्याचा नव्हता तसा पुण्याचाही नव्हता, हे आम्हांला खुपले.

पाककृतीला गाव लागते. पेल्लेग्रिनो आर्तुसीने १८९१ साली पदरमोड करून आपले पाकशास्त्राचे पुस्तक काढले, त्यात इटलीच्या घराघरांतली चव एका भाषेत आली. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'ने आपल्याकडे वाटी-चमच्याच्या मापात हेच काम केले. दोन्ही पुस्तकांत कोणीतरी कोणालातरी काहीतरी समजावून सांगत आहे. उपाहारगृहातल्या त्या ताटातून मात्र कोणी कोणाशी बोलत नव्हते.

असो. त्या रविवारी मुलीचा फोन आला, तेव्हा आईने अभ्यासाची चौकशी बाजूला ठेवून तिला एकामागून एक प्रश्न विचारले : घरमालकीण कणीक मळून किती वेळ झाकून ठेवते, पीठ कोणते, लाटणे केवढे. मुलीने हात फाकवून लाटण्याची लांबी दाखवली. "म्हणजे आपल्या चकोल्यांसारखंच की," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात कित्येक दिवसांनी निर्धास्तपणा आला. परक्या मुलखातही आपल्या माणसाला कोणीतरी लाटून, उकळून, गरम वाढते आहे, एवढीच खात्री तिला हवी होती. बाराशे रुपयांच्या त्या ताटाने ती दिली नाही. गावाचे नाव पाटीवर आणि ताटावर मिरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे : त्या गावात कोणाची तरी नात राहते.