कारभाराची वही

मराठी भाषेतील 'कारभारी' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. खेड्यातील गृहिणी आपल्या पतीस कारभारी म्हणते. संस्थानिकांच्या काळी राजाच्या वतीने राज्याची व्यवस्था पाहणारा तोही कारभारीच. आणि आम्हां ख्रिस्ती लोकांच्या कानी हा शब्द बाळपणापासून शुभवर्तमानातील दाखल्यांच्या द्वारे पडत आलेला आहे. तिन्ही ठिकाणी किल्ल्या कारभाऱ्याच्या कमरेस असतात, परंतु हिशेब मात्र त्याला दुसऱ्या कोणापुढे तरी मांडावा लागतो. देवाने निर्माण केलेली भूमी, पाणी व अन्नधान्य ह्यांचे आपण मालक नसून कारभारी आहोत, हे उपदेशपीठावरून व शाळेतील प्रार्थनेच्या वेळी वारंवार सांगण्यात येते. तथापि हा हिशेब प्रत्यक्ष लिहू लागले असता त्यातील कोणती रक्कम हटकून वगळली जाते, हे आमच्या नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या उद्योगावरून आमच्या ध्यानी आले. त्याच्या व त्याच्या मातोश्रींच्या संमतीने ती हकीकत येथे देत आहोत. नाव तेवढे देत नाही. कारण स्तुतीचा भार चौदा वर्षांच्या खांद्यांस सोसत नाही.

पावसाळ्याच्या आरंभी वर्गात हवामानबदलाचा विषय निघाला होता. तास संपल्यावर हा मुलगा मागे राहिला व म्हणाला, "सर, राष्ट्रांनी काय करावे ते आपण सांगितलेत. मी काय करू?" प्रश्न सरळ होता. आम्ही त्यास एवढेच सांगितले की, तुझ्या घरात काय येते व घराबाहेर काय जाते ते महिनाभर लिहून काढ. महिना संपताच तो एक वही घेऊन आला. तिच्या शेवटच्या पानावर त्याने आपणांसाठी सात नियम आखले होते. ताटात काही टाकावयाचे नाही. पुड्यांतील खाऊ विकत घ्यावयाचा नाही. शाळेच्या डब्यात पाव अथवा झटपट शेवया न आणता ज्वारी-बाजरीची भाकरी आणावयाची. पाण्यासाठी स्टीलची बाटली. बाजारात जाताना कापडी पिशवी. अंघोळीस एक बादली. आणि रविवारचे मटण महिन्यातून एकदाच.

ह्या नियमांत हट्ट असला तरी अज्ञान नव्हते, हे सांगणे अगत्याचे आहे. आमचा अहिल्यानगर जिल्हा, ज्यास २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणत, त्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. येथील काळी जमीन पावसाळ्यातील ओल धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी बहुतांशी त्याच ओलीवर उभी राहते. कणीस माणसांस मिळते, कडबा गुरांस. उलटपक्षी, उसास जवळजवळ वर्षभर पाणी द्यावे लागते. राज्यातील लागवडीच्या जमिनीपैकी त्याचा हिस्सा लहान, परंतु सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा फार मोठा. भरड धान्यांचे महत्त्व आज जगानेही ओळखले असून, संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष त्यांच्या नावाने पाळले. खाऊच्या पुड्यांविषयीही मुलाचे म्हणणे बरोबर होते. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्या व ताटवाट्या ह्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे पेले, चमचे, नळ्या अशा एकदाच वापरून टाकण्याच्या अनेक वस्तू बंद झाल्या. परंतु खाऊच्या चकचकीत पुड्या त्या यादीत नव्हत्या. त्यांत प्लास्टिक व ॲल्युमिनियम ह्यांचे थर एकमेकांस असे चिकटविलेले असतात की, ते पुन्हा वेगळे करणे फार कठीण. म्हणून भंगारवालादेखील त्यांस हात लावीत नाही. मधल्या सुट्टीनंतर आमच्या पटांगणातील कडुनिंबाखाली ज्याने एकवार दृष्टी टाकली असेल, त्यास अधिक पुरावा नको.

असो. दोन महिने गेले. वहीतील आकडे सुधारत चालले. मुलगा वर्गात थोडा ताठ मानेने वावरू लागला आणि डब्यात पाव आणणाऱ्या सोबत्यांस दोन शब्द सुनावूही लागला. अशात पालकसभेच्या दिवशी त्याच्या मातोश्री आम्हांस भेटल्या. त्या येथील एका रुग्णालयात परिचारिका आहेत व बहुतेक दिवशी त्यांची सकाळची पाळी असते. मुलाचे गुण पाहून झाल्यावर त्या किंचित हसून म्हणाल्या, "सर, आमच्या लेकराने पृथ्वीचा भार हलका केला खरा, पण माझा वाढवला."

त्यांनी तक्रार अशी केलीच नाही. विचारले तेवढे सांगितले. पूर्वी त्या पहाटे पाच वाजता उठत. आता भाकरीसाठी साडेचार वाजता उठतात. पुड्यांतील खाऊ बंद झाला, तेव्हा चिवडा व लाडू घरी करणे आले. मटण बंद झाल्यावर वडिलांची समजूत घालणे आले. आणि हे सर्व आठ तास रुग्णांच्या खाटांमधून उभ्याने फिरून आल्यावर! त्या माउलीचे ते एक वाक्य कित्येक दिवस आमच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलास बोलाविले. उपदेश केला नाही. वही उघडावयास सांगून नियमांच्या शेजारी एक नवा रकाना आखण्यास सांगितले, आणि त्याच्या माथ्यावर 'कोणाच्या हातांनी' असे लिहावयास लाविले. तो आमच्यासमोरच बसून लिहू लागला. बाटली व पिशवी ह्यांपुढे त्याने आपले नाव घातले, अंघोळीपुढेही घातले. भाकरीपुढे 'आई' असे लिहिले. खाऊपुढे 'आई'. ताटात टाकू नये ह्या नियमापुढे तो बराच वेळ थांबला, आणि मग हळूच लिहिले, 'उरलेले शिळे आई व आजी खातात.' ह्यापुढे आम्हांस काही बोलावे लागले नाही. त्याचे कान तांबडे झाले होते.

त्या संध्याकाळी तो आजीपाशी जाऊन बसला व भाकरी शिकव म्हणाला. आजी मूळच्या पाथर्डी तालुक्यातील. १९७२ च्या दुष्काळात, अंगावर परकर-पोलके असण्याच्या वयात, त्या दुष्काळी कामावर खडी फोडीत होत्या; तेथे मिळणारी सुकडी आणि अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी ह्यांवर त्यांच्या घरच्यांनी दिवस काढले. नातवाची वही त्यांनी वाचून घेतली आणि त्या म्हणाल्या, "लेकरा, तू हौसेने भाकर मागतोस. आम्हाला गव्हाची पोळी सणालाच दिसायची. कापडाची पिशवी होती, कारण दुसरी नव्हतीच. ताटात कधी काही उरलंच नाही, तर टाकणार काय?" हे शब्द मुलाने वहीत जसेच्या तसे उतरून घेतले आहेत, आणि आमच्या मते ते त्या वहीतील सर्वांत मोलाचे पान आहे. जे आज आपण व्रत म्हणून स्वीकारतो ते कालपर्यंत कोणाची तरी लाचारी होती. कित्येकांची ती आजही आहे. ज्याने निवड करून साधेपणा पत्करला, त्याने निरुपायाने साधे राहणाऱ्यांपुढे ताठ मान करू नये, एवढी लीनता त्या एका संभाषणाने मुलास आली.

भाकरी शिकणे हे पुस्तक शिकण्याहून कठीण आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखी चिकाटी नसते. म्हणून ते कढत पाण्याने भिजवून तळहाताच्या टाचेने रगडून मळावे लागते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, आणि मग थापताना कडा चिरतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावयाचा, ते सुकण्याच्या आत उलटावयाची आणि शेवटी जाळावर धरावयाची. पहिल्या आठवड्यातील भाकऱ्या त्याने स्वतःच खाल्ल्या, कारण दुसऱ्या कोणास देण्याजोग्या त्या नव्हत्या. दिवाळीनंतर मात्र एके दिवशी त्याने डबा उघडून आम्हांस एक भाकरी दाखविली. ती चांगली फुगली होती. एका बाजूस थोडी करपलीही होती. आता आठवड्यातून तीन दिवस घरातील सर्वांच्या भाकऱ्या तो थापतो. उरलेल्या दिवशी डब्यात पोळी असते, कधी पावही असतो, आणि तो त्याबद्दल कुरकुर करीत नाही. त्या तीन दिवशी त्याच्या मातोश्रींस अर्धा तास अधिक झोप मिळते.

मटणाचा तंटाही असाच मिटला. गाय, मेंढी, शेळी ही रवंथ करणारी जनावरे असून त्यांच्या पोटातून मिथेन वायू बाहेर पडतो व तो हवा तापवितो, हे मुलाने वाचले होते, आणि ते खरेच आहे. परंतु माळरानावरील काटेरी झुडपे खाऊन वाढणारी शेळी म्हणजे आमच्याकडे गरिबाची गाय होय. धान्य पिकवून ते जनावरांस चारणाऱ्या देशांचा हिशेब तिला जशाचा तसा लावणे न्यायाचे नाही, असे आम्ही त्यास सांगितले. शेवटी पितापुत्रांत करार झाला. एका रविवारी मटण आणि दुसऱ्या रविवारी आजीच्या हातचे हुलग्याचे शेंगोळे. हुलगा हे कडधान्य आपल्या मुळांवरील गाठींत राहणाऱ्या जंतूंच्या साहाय्याने हवेतील नत्र जमिनीस देते व थोड्या पावसावर येते. वडिलांनी दोन वेळा वाढून घेतल्याचे वहीत नमूद आहे.

नाताळात मंडळीचे प्रीतिभोजन होते. मागील वर्षापर्यंत ते कागदी ताटांत होत असे. वरून कागद दिसला तरी आत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, त्यामुळे ती ताटे मातीत मिसळून जात नाहीत. मुलगा पाळकसाहेबांकडे गेला आणि मंदिराच्या कोठीत पडून असलेली स्टीलची ताटे काढण्याची विनंती केली. पाळकसाहेबांनी विचारले, "घासणार कोण? आपल्या भगिनी सकाळपासून स्वयंपाकात आहेत." मुलाजवळ उत्तर तयार होते. पाच मुलांच्या नावांची चिठ्ठी त्याने खिशातून काढली. पहिले नाव त्याचे स्वतःचे होते. त्या दुपारी आम्ही नळापाशी गेलो तेव्हा ती पाचही जणे बाह्या सारून ताटे घाशीत होती. साबणापूर्वीचे पहिले विसळणे शेवग्याच्या आळ्यात जात होते. उरलेला भात व भाजी डब्यांत भरून, उपस्थित राहू न शकलेल्या वृद्धांच्या घरी पोहोचविण्यात आली. पाच हजारांस भोजन दिल्यावरही प्रभूने उरलेले तुकडे वाया जाऊ दिले नाहीत, ते गोळा करून बारा टोपल्या भरविल्या, ही गोष्ट आपण सर्वांनी शाब्बाथशाळेत ऐकलेली आहे. त्या टोपल्या शिष्यांनीच उचलल्या, हे मात्र आपण सहसा ध्यानात घेत नाही.

कोणी म्हणेल की, एका मुलाच्या भाकरीने जगाचे हवामान थोडेच पालटणार आहे? एकट्या भाकरीने नाही पालटणार. कारखाने, वीज, रस्ते, शेतीचे धोरण ह्यांचे निर्णय मोठ्यांच्या हाती आहेत व त्यांनी ते घेतलेच पाहिजेत. मुलांच्या काटकसरीच्या आड त्यांस लपता येणार नाही. परंतु संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील सुमारे ६० टक्के दुकानांतून वा खाणावळींतून नव्हे, घरांतून गेले. हा डोंगर कोणत्याही कारखान्याने उभा केलेला नाही. तो ताटाताटाने रचला गेला आहे, आणि ताटाताटानेच तो उतरविता येईल.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी ज्यांस हा उद्योग करून पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य एक वही घालावी. एका रकान्यात काय वापरले ते लिहावे, दुसऱ्यात काय टाकले ते लिहावे, आणि तिसऱ्यात ते कोणाच्या हातांनी झाले ते लिहावे. मात्र तिसरा रकाना आधी भरावा.