स्वरांवरून सरकणारी पट्टी

पियानो वाजत असताना पडद्यावरच्या स्टाफ नोटेशनवरून जी खूण सरकते, ती आखणं हे माझं काम. त्यात काय एवढं, घड्याळाच्या हिशेबाने डावीकडून उजवीकडे सरकवली की झालं, असं सगळ्यांना वाटतं. पण छापील नोटेशनमध्ये जागेचं वाटप घड्याळाच्या हिशेबाने नसतंच. मिनिमला क्रॉचेटच्या दुप्पट वेळ, जागा मात्र साधारण दीडपट. डोळ्यांना तेच सोयीचं पडतं.

बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर'च्या पहिल्या खंडातला (१७२२) सी मेजर प्रिल्यूड घ्या. एकूण ३५ बार. चौतिसाव्यापर्यंत सेमीक्वेव्हरची अखंड रांग, खूण एका चालीने जाते. शेवटच्या बारात नुसते सेमिब्रीव्ह. वेळ तेवढाच, जागा एकाच स्वराची. तिथे खूण अशी रेंगाळते की ॲप अडकलं असं वाटावं. मी तिला तिथे सरकवतच नाही. ती सुरांवर येऊन ठाम थांबते आणि आवाज विरतो तसा तिचा रंग फिका होत जातो. थांबलेली खूण खटकत नाही, रखडणारी खटकते.

मॅक्स फ्लायशरच्या १९२०च्या दशकातल्या गाण्यांच्या कार्टून फिल्म्समध्ये चेंडू शब्दांवरून उड्या मारायचा. टप्पा पडला की प्रेक्षकांनी तो शब्द गायचा. नुसत्या घरंगळण्यातून ही वेळ कळत नाही. म्हणून माझी खूण दोन स्वरांमध्ये झपकन जाते आणि स्वर वाजतो त्याच क्षणी पोहोचते.

लाल उभी रेघ मला अजिबात आवडत नाही. स्वरांच्या दांड्यांत ती मिसळते, नको तिथे लक्ष वेधते. स्वरांच्या मागे फिकट पिवळी पट्टी पुरते. वाचणाऱ्याची नजर तशीही तिच्यावर नसते. जॉन स्लोबोडा यांनी १९७०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत चांगल्या वाचकांची नजर हातांच्या सहा-सात स्वर पुढे असल्याचं दिसलं. त्यामुळे ओळ संपायच्या एक बीट आधीच मी पुढच्या ओळीच्या तोंडाशी पट्टी पुसटशी उमटवते.

ब्लूटूथ हेडफोन हे वेगळंच दुखणं. आवाज चित्राच्या मागे पडतो, आणि किती ते प्रत्येक हेडफोनचं वेगळं. टीव्हीसाठीच्या आयटीयूच्या निकषांनुसार मागे पडलेला आवाज १२५ मिलिसेकंदांच्या आसपास जाणवू लागतो, पुढे धावलेला मात्र ४५लाच. तेव्हा नेमका अंदाज येत नसेल तिथे मी पट्टी किंचित लवकरच पोहोचवते.