घोरणारं पोर

मूल घोरलं की आजी कौतुकानं म्हणते, "दमलंय गं, गाढ झोपलंय." माझा पुतण्याही घोरतो, मध्येच त्याचा श्वास अडतो, मग दचकून कूस बदलतो. ही गाढ झोप कसली! टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडिनॉइड वाढले, की झोपेत सैलावलेल्या घशात हवेची वाट बुजते. मोठी माणसं अशा रात्रीनंतर पेंगतात. मुलं बऱ्याचदा उलट चेकाळतात, आणि शाळेतून 'वांड आहे' अशी तक्रार येते.

वहिनीला लगेच टॉन्सिल-ॲडिनॉइड काढायचं ऑपरेशन हवंय. २०१३च्या एका अमेरिकी अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर सात महिन्यांनी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल आली. शस्त्रक्रिया न करता नुसतं थांबलेल्यांतही ४६ टक्क्यांची. मला हा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. पण ती मुलं पाच ते नऊ वर्षांची, फार गंभीर त्रास नसलेली. आमचा चारच वर्षांचा. आधी झोपेची तपासणी करून घेऊ, असं दादाला सांगितलंय.