सड्याखालचें धन

पृथ्वीला संस्कृतांत वसुंधरा म्हणतात, रत्नगर्भा म्हणतात. हे शब्द आम्हीं पस्तीस वर्षें कोंकणांतील मुलांकडून पाठ करून घेतले, त्यांचे समास सोडवून घेतले आणि बिनचूक लिहिणाऱ्यांस पुरे गुण दिले. परंतु ही रत्नगर्भा कोणाच्या तरी सातबाराच्या उताऱ्यावरही असते, आणि त्या उताऱ्यावर एकाच घरांतील आठ-दहा नांवें असतात, याचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर निवृत्तीनंतर आला.

आमचें घर मालवण तालुक्यांत. परंतु पणजोबांच्या वेळेपासून सामाईक चालत आलेला सड्याचा एक तुकडा दक्षिणेस, गोव्याच्या सीमेकडे आहे. पावसाळ्यांतील गवत आणि चार काजूचीं झाडें यांपलीकडे तेथें कांहीं होत नाहीं. या तुकड्याखालीं लोखंडाचें खनिज असण्याचा संभव आहे, जमीन देत असाल तर सर्व हिस्सेदारांच्या सह्या हव्यात, असा निरोप एका मध्यस्थानें आणला. मुंबईच्या धाकट्या बंधूंचें म्हणणें, “अण्णा, नुसता कातळ पडला आहे. चार पैसे येत असतील तर देऊन टाकावा.” घरांतील भावजयीचें म्हणणें, त्या सड्याच्या पायथ्याशीं जी वाडी आहे तिची विहीर सड्याच्याच पाण्यावर चालते. दोन्ही पक्षांनीं शेवटचा शब्द आमच्याकडे सोंपविला. जी गोष्ट समजली नाहीं तिजवर सही करणें मास्तरकी केलेल्या माणसास जड जातें. म्हणून प्रथम विषय समजून घ्यावा असें आम्हीं ठरविलें. सुदैवानें आमचा एक पुतण्या धनबादच्या, १९२६ सालीं स्थापन झालेल्या, प्रसिद्ध खनिजविद्यालयांत शिकलेला आहे. गणपतीला तो घरीं आला, तेव्हां साठी उलटलेले आम्ही विद्यार्थी झालों आणि तो गुरु झाला.

त्यानें सांगितलेली हकीकत पुराणांतील कल्पांसारखीच लांब पल्ल्याची आहे. सुमारें अडीचशें कोटी वर्षांपूर्वीं आणि त्याच्याही आधीं समुद्राच्या पाण्यांत लोह विरघळलेलें होतें. सूक्ष्म जीवांनीं सोडलेला प्राणवायु त्यास मिळाला, तें गंजलें आणि तळाशीं बसूं लागलें. लोहाचा एक थर, गारेचा एक थर, असे पट्टे पडत गेले. धारवाडी म्हणून ओळखले जाणारे हे खडक कर्नाटकांतून गोव्यामार्गें आमच्या वेंगुर्लें तालुक्यांतील रेडीपर्यंत पोंचले आहेत. पुढें ते उघड्यावर आले, आणि लक्षावधि वर्षांच्या पावसानें त्यांतील गार हळूहळू विरघळवून नेली. लोह तेवढें मागें राहिलें. याच पावसानें इतर खडकांचा जांभा केला. म्हणजे ज्या चिऱ्यांनीं आमच्या घराच्या भिंती उभ्या आहेत तो चिरा आणि रेडीचें खनिज हीं एकाच पावसाचीं लेंकरें. एक गरीब, एक श्रीमंत. फ्रान्सिस बुकॅनन या प्रवाशानें मलबारांत हा दगड पाहून १८०७ सालीं त्यास लॅटेराइट हें नांव दिलें. लॅटिन भाषेंत ‘लेटर’ म्हणजे वीट. ओला असतां कापावा आणि हवेंत ठेवल्यावर टणक व्हावा, हा गुण आमच्या चिरे काढणाऱ्यांस त्याच्या कित्येक पिढ्या आधीं ठाऊक होता.

हेमॅटाइट या लोहखनिजांत, तें अगदीं शुद्ध असेल तर, वजनाच्या ७० टक्के लोखंड असतें. खरबरीत कौलावर घांसलें कीं तांबडी रेघ उठते. देवळांच्या भिंतींवर आपल्याकडे जी काव चढवीत, तिचा रंग याच कुळांतला. परंतु शुद्ध दगड कोठें मिळतो? आणि किती लोखंड असलें म्हणजे दगडास खनिज म्हणावयाचें? येथें आमच्या गुरुजींनीं आम्हांस चकित केलें. भारतीय खाण ब्यूरोनें हेमॅटाइटसाठीं ४५ टक्के ही खालची मर्यादा ठरविली आहे. पूर्वीं ती याहून वर होती. गोव्यांत जे हलक्या प्रतीचे दगड निरुपयोगी म्हणून टाकून दिले होते, त्यांचे ढीगच्या ढीग या शतकाच्या आरंभीं चीनची मागणी वाढतांच जहाजांत चढले. “काका, दगड बदलत नाहीं, बाजार बदलतो,” असें तो म्हणाला. तेव्हां आम्हांस कौटिल्याची आठवण झाली. अर्थशास्त्रांत आकराध्यक्ष नांवाचा अधिकारी आहे. धातूचा दगड रंगावरून, वजनावरून ओळखावा. जुनी सोडलेली खाण राख, कोळसे, मुशी आणि लोहकीट यांवरून ओळखावी, असें तेथें सांगितलें आहे. खाणीपासून कोश आणि कोशापासून सैन्य, हेंही तेथेंच आहे. दोन हजार वर्षांत परीक्षेचीं साधनें बदललीं. दृष्टि तीच आहे.

दगड काढल्यावर पुढें काय, हें समजण्यास मात्र कौटिल्य नको. आपलें स्वयंपाकघर पुरे. खनिज प्रथम फोडतात व भरडतात, तें जात्याचें काम. मग चाळतात, तें चाळणीचें. मग पाण्यानें धुतात. आमच्या मातुःश्री तांदूळ रोळीत घालून रोळीत, तेव्हां जड खडे तळाशीं राहत आणि हलका दाणा पाण्याबरोबर वर येई. येथें उलट, जड तें ठेवावयाचें व हलकें तें सोडावयाचें. हेमॅटाइट पाण्याच्या पांचपटीहून जड, गार अडीच पटीहून थोडी अधिक. या फरकावर सारी विद्या उभी आहे. तांब्याच्या खनिजासाठीं तर ताक घुसळल्यासारखा फेंस काढतात आणि लोण्याप्रमाणें धातूचे कण त्या फेंसावर उचलून घेतात.

परंतु गृहिणीची खरी परीक्षा निवडलेल्या तांदळावरून होत नाहीं. कोंडा व खडे ती कोठें टाकते यावरून होते. गोव्यांत एक टन खनिजासाठीं सुमारें अडीच ते तीन टन माती व दगड बाजूस काढावे लागत. शिवाय धुतल्यावर उरणारा तांबडा गाळ निराळाच. हें सारें ज्या प्रदेशांत रचावयाचें तेथें वर्षास सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सर्व चार महिन्यांत! २०२१ च्या जुलैंत दोडामार्ग तालुक्यांतील कळणें येथें खाणीचा बांध फुटला आणि चिखलाचें पाणी खालच्या वस्तींत व बागांत शिरलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यांत मुरतो, खालच्या चिकण मातीवर अडतो, आणि पायथ्याशीं झऱ्याच्या रूपानें बाहेर येतो. ज्यास आमचे बंधू नुसता कातळ म्हणतात तो वास्तविक पाण्याचा रांजण आहे. खाण खोल गेली कीं तिच्यांत पाणी भरतें, तें उपसावें लागतें, आणि आसपासच्या विहिरींची पातळी उतरते. भावजयीनें एकही ग्रंथ न वाचतां जें सांगितलें तें शास्त्रास धरून होतें. पश्चिम घाटासंबंधीं माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें २०११ सालीं दिलेल्या अहवालांत या जिल्ह्यांतील खाणींविषयीं सावधगिरीचा इशारा दिला होता, त्याचें मर्म आम्हांस आतां कळलें.

म्हणून खाण हें पाप, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. ज्या विळीवर आपली भाजी चिरली जाते, ज्या रुळांवरून आपला मुंबईचा मुलगा गणपतीला घरीं येतो, तें लोखंड कोणाच्या तरी गांवच्या डोंगरांतून आलेलें असतें. रेडीच्या खाणींनीं कित्येक घरांच्या चुली पेटविल्या आहेत. ज्या द्विभुज गणपतीच्या दर्शनास लांबून लोक येतात तोही १९७६ सालीं तेथील खाणीच्या परिसरांतच सांपडला. दुसऱ्याच्या अंगणांतील लोखंड वापरावयाचें आणि आपल्या अंगणास सोंवळें ठेवावयाचें, हा न्याय नव्हे. न्याय एवढाच, कीं खनिजाच्या किंमतींत कोंड्याची आणि पाण्याची किंमत धरली जावी. आज ती धरली गेली नाहीं, तर उद्यां ती भरावयाची पाळी ज्याचें नांव आमच्या उताऱ्यावर नाहीं अशा वाडीवर येते.

याच हिशेबानें आम्हीं मध्यस्थास तीन प्रश्न लिहून दिले आहेत. निघालेली माती कोठें व किती उंच रचणार? वाडीची विहीर आटली तर पाणी कोण, किती वर्षें देणार? आणि खनिज संपल्यावर तो खड्डा कोणाच्या स्वाधीन करणार? यांचीं उत्तरें कागदावर येईपर्यंत आमची सही होणार नाहीं, असें बंधूंस कळविलें.

मधल्या बंधूंनीं तें मान्य केलें. धाकट्यांना राग आला, आणि त्यांच्या रागांत अर्थ आहे. मुलीच्या वैद्यकीय शिक्षणाचा खर्च त्यांस या पैशांतून भागवावयाचा होता. आमच्या सावधपणाची किंमत त्या मुलीनें द्यावी हें योग्य नव्हे. तिच्या पहिल्या वर्षाचा भार आमच्या निवृत्तिवेतनाच्या शिल्लकेंतून उचलण्याचें घरांत ठरलें आहे. पुढील वर्षांचें मधले बंधू पाहतील. मध्यस्थाचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. तोंपर्यंत वाडींतील माणसें नेहमींप्रमाणें विहिरीवर येतात आणि पाणी भरून नेतात.