आधीं रॉकेल, मग पाणी

हिंजवडीच्या आमच्या शाळेंत भूगोलाच्या तासाला कॅप्टन स्कॉटची हकीकत आम्ही गेलीं कित्येक वर्षें सांगत आलों आहों. १७ जानेवारी १९१२ रोजीं तो दक्षिण ध्रुवावर पोहोंचला. परततांना पांचहि जण मृत्युमुखीं पडले. उरलेल्या तिघांचा शेवटचा तंबू पुढील अन्नसाठ्यापासून अवघ्या ११ मैलांवर होता. येथें आमचा आवाज जरा कापरा होत असे. आणि तो व्हावा असा आमचाहि थोडा हेतु असे, हें कबूल केलें पाहिजे.

यंदा एका मुलीनें विचारलें, "सर, ते पाणी कोठून आणीत?" वर्ग हंसला. भोंवतीं सारें बर्फच. पाण्याची काय वाण! ती मात्र हंसली नाहीं. तिच्या वस्तींत पाणी टँकरनें येतें, आणि पहाटे हंडे मांडून तिची आई रांगेंत उभी असते. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्ही पुस्तक मिटलें.

त्या रात्रीं पुन्हां वाचावयास बसलों. बर्फ वितळविल्यावांचून तेथें घोटभर पाणी नाहीं, आणि वितळविण्यास रॉकेल हवें. स्कॉटनें वाटेवर पुरून ठेविलेल्या डब्यांतील रॉकेल झांकणाच्या चामडी चकत्यांतून उडून गेलें होतें. म्हणजे पाणीहि कमी, ऊन अन्नहि कमी. इतकीं वर्षें आम्ही शौर्य सांगितलें, चकती कधीं सांगितलीच नाहीं!

दुसऱ्या दिवशीं तें सांगितलें, आणि आपल्या माणसांचेंहि. डिसेंबर १९८३ मध्यें गोव्याहून तिसरी भारतीय मोहीम अंटार्क्टिकास निघाली. तींत नागपुरास जन्मलेल्या, पुणे विद्यापीठाच्या पदवीधर डॉ. अदिति पंत होत्या. त्या व डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेबरोबर तेथें गेलेल्या पहिल्या स्त्रिया. त्याच मोहिमेंत 'दक्षिण गंगोत्री' हें ठाणें उभें राहिलें, आणि १९८४ चा हिंवाळा १२ जणांनीं तेथें काढला. समुद्र गोठला कीं जहाज येत नाहीं; म्हणून सगळें इंधन अगोदरच उतरवून घ्यावें लागतें. नांव गंगोत्रीचें, पण तेथेंहि पाणी बर्फ वितळवूनच!

मुलीनें वहींत लिहिलें, "आधीं रॉकेल, मग पाणी." मग म्हणाली, "सर, तेथें हें काम कोण करतें?" आम्ही सांगितलें कीं, आपल्या ठाण्यांवर स्वयंपाकघराची पाळी शास्त्रज्ञांसहि चुकत नाहीं.

"मग आमच्याकडे बाबांची पाळी कां नसते?"

या प्रश्नाचें उत्तर आम्ही पालकांवर सोंपविलें आहे.