मोत्याचे सीमोल्लंघन

आचऱ्याची गावपळण आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. काही वर्षांनी एकदा सारा गाव तीन दिवस व तीन रात्री वेशीबाहेर राहावयास जातो. माणसांमागून गुरे, कोंबड्या आणि कुत्रीही निघतात, व रामेश्वराचा कौल झाला म्हणजे सर्व मंडळी परतते. त्या वेशीवर कुत्र्याकडे कोणी दाखला मागत नाही. आमच्या तोंडवलीच्या मोत्यास मात्र जर्मनीची वेस ओलांडावयाची होती.

वडिलांस नोकरीनिमित्त फ्रँकफुर्टला जाणे प्राप्त झाले, व मागाहून आम्ही जावे असे ठरले. मोत्या जातिवंत वगैरे मुळीच नव्हे. सुरूच्या बनात जन्मलेला व रापणीच्या जाळ्याशेजारी वाढलेला. परंतु आमच्या धाकट्या बंधुराजांनी त्याच्याविना पाऊल टाकणार नाही, असे निक्षून सांगितले. इकडे आजी एकटीच घरी राहणार. तिची सोबत हिरावून न्यावी काय, हा प्रश्न आम्हांस कागदपत्रांहून अवघड वाटला. तिनेच तो सोडविला. "त्याका घेवन जावा. पोराक थंय कोण आसा?" एवढे बोलून ती विहिरीवर गेली.

मग कागदांचा व्याप सुरू झाला. प्रथम मोत्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चकती बसविण्यात आली. तिच्यात पंधरा अंकांचा क्रमांक असतो. चकतीनंतर टोचलेली रेबीजची लसच हिशेबात धरतात, आधीची नाही. कारण लस याच कुत्र्यास टोचली, याला मग पुरावा काय? गणपती गेल्यावर लस झाली. पुढे निदान तीस दिवस थांबून दिवाळीपूर्वी रक्त घेतले, व ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत धाडले. दर मिलिलिटरास ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतकी तरी प्रतिकारशक्ती रक्तात दिसावी लागते. मोत्या उत्तीर्ण झाला. तरीही रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणे भागच होते.

बंधुराज संतापले. धडधाकट कुत्र्यास हा तुरुंगवास कशासाठी? त्यांचा राग आम्हांस समजत होता, परंतु नियम अन्यायाचा आहे असे आम्हांस वाटले नाही. रेबीजचे विष चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकते, आणि त्यास कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. तोवर जनावर निरोगीच दिसते. लक्षणे उमटली म्हणजे मात्र उपाय जवळजवळ उरत नाही. आपल्या देशात हा रोग अद्याप आहे, म्हणून ही वाट पाहणे. इंग्लंडात तर सन २००० पर्यंत परदेशी कुत्र्यांना सहा महिने अलग कोंडून ठेवीत. त्यामानाने आमचा मोत्या सुखी; त्याचे तीन महिने समुद्रकिनारी गेले.

खरी अडचण निघाली ती पेटीची. विमानाच्या पोटातून न्यावयाच्या कुत्र्यास उभे राहता, वळता व निजता येईल एवढी पेटी लागते. मोत्या तिच्याकडे पाहूनच माडाआड पळे. झोपेचे औषध द्यावे, असे कोणी सुचविले. पण विमानात त्याने श्वासास अपाय होण्याचे भय असते, म्हणून पशुवैद्यांनी ते वर्ज्य केले. अखेर आजीने आपले जुने लुगडे पेटीत अंथरले. त्या रात्री मोत्या आपण होऊन आत जाऊन निजला.

माघात आम्ही निघालो. मुंबईस पशु संगरोध व प्रमाणन सेवेच्या कचेरीत त्याची तपासणी होऊन दाखला मिळाला. पुढचे सुमारे नऊ तास तो खाली व आम्ही वर. त्या प्रवासात बंधुराजांनी अन्नास स्पर्श केला नाही. फ्रँकफुर्टास अधिकाऱ्याने मोत्याच्या मानेवरून यंत्र फिरविले, पंधरा अंक कागदाशी ताडून पाहिले, आणि शिक्का मारला. मोत्याने त्याचा हात चाटला.

आजी अजूनही बांगड्याची डोकी पायरीवर ठेवते, असे शेजारच्या काकूंनी कळविले आहे. ती आता कावळे नेतात.